अमेरिकेतील वसाहतकार आणि स्थलांतरितांविषयी काय वाचावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटाने एका पावसाळ्यात नेब्रास्कातील शेतकऱ्यांवरची एक कादंबरी वाचायला घेतली आणि तेव्हापासून या विषयावर काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि त्यातले खरे किती मानावे, असे प्रश्न सतत येत राहिले. पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेश आणि साधारणपणे १८४० ते १९२० हा काळ, एवढीच मर्यादा पाळली आहे. कॅनडाचा अपवाद प्रश्न १३ मध्ये आहे.

१. एकच पुस्तक वाचण्याइतका वेळ आहे. कोणते वाचू?

विला कॅथर यांची ‘माय अँटोनिया’ (१९१८) वाचावी. कॅथर यांचा जन्म १८७३ साली व्हर्जिनियात झाला. त्या नऊ वर्षांच्या असताना, १८८३ मध्ये, त्यांचे कुटुंब नेब्रास्कात आले आणि पुढे रेड क्लाउड या रेल्वेच्या गावात स्थिरावले. आसपास चेक, स्वीडिश, नॉर्वेजियन आणि जर्मन कुटुंबे होती. त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून ऐकलेल्या गोष्टी कॅथर यांच्या लेखनात आयुष्यभर पुरल्या. कादंबरीतील अँटोनिया ही बोहेमियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागातून) आलेल्या शिमेर्डा कुटुंबातील थोरली मुलगी, आणि तिची गोष्ट सांगणारा जिम बर्डन हा शेजारच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरातील मुलगा आहे.

हीच कादंबरी का, याचे उत्तर तिच्यातील एका लहानशा प्रसंगात आहे. पहिल्या हिवाळ्यात शिमेर्डांच्या घरात खायला जवळजवळ काही उरलेले नसताना जिमची आजी टोपलीभर शिधा घेऊन त्यांच्याकडे जाते. तेव्हा शिमेर्डाबाई आपल्या लाकडी पेटीतून एक पिशवी काढतात आणि चहाच्या पेल्याने मोजून तिच्यातले तपकिरी, उग्र वासाचे काही तुकडे मोठ्या अगत्याने आजीच्या हवाली करतात. ते काय आहे हे घरी आल्यावर आजीला कळत नाही. वाळवलेले मांस असेल की कसले मूळ, अशा शंकेने ती ते सगळे चुलीत टाकते. जिम मात्र त्यातल्या एका तुकड्याचा कोपरा चावून पाहतो, आणि तो पदार्थ म्हणजे बोहेमियाच्या जंगलात वेचून वाळवलेली अळंबी होती, हे त्याला कित्येक वर्षांनी कळते. सातासमुद्रापलीकडून जपून आणलेली वस्तू शेजारणीच्या चुलीत जाते आणि दोघींपैकी कोणाचाही त्यात दोष नसतो. स्थलांतरितांविषयीची जाडजूड इतिहासग्रंथांतील प्रकरणे वाचूनही जे हाती लागत नाही, ते या दीड-दोन पानांत आहे.

२. ‘पायोनियर’, ‘होमस्टेडर’ आणि ‘इमिग्रंट’ हे एकाच माणसाला म्हणतात का?

अनेकदा म्हणतात, पण नेहमीच नाही. ‘पायोनियर’ म्हणजे एखाद्या भागात सुरुवातीला येऊन वसलेला. तो व्हर्जिनियातून आलेला असेल किंवा नॉर्वेतून. ‘होमस्टेडर’ हा कायद्याच्या भाषेतला शब्द असून, प्रश्न ३ मधील कायद्याखाली सरकारी जमिनीवर हक्क नोंदवणाऱ्याला तो लागू होतो. ‘इमिग्रंट’ म्हणजे परदेशातून आलेला. त्याने शेतीच केली असेल असे नाही, कारण कित्येकांचे आयुष्य खाणीत, रेल्वेच्या कामावर किंवा शिकागोच्या खाटीकखान्यांत गेले. अँटोनियाचे वडील मात्र आधीच येऊन वसलेल्या एका देशबांधवाकडून जमीन विकत घेतात, त्यामुळे ते इमिग्रंट आणि पायोनियर असले, तरी होमस्टेडर नाहीत. मराठीत तिघांनाही आपण ‘वसाहतकार’ म्हणून मोकळे होतो. येथेही बहुतेक ठिकाणी तसेच केले आहे.

३. सरकार प्रत्येकाला १६० एकर जमीन फुकट देत होते, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, मात्र ‘फुकट’ या शब्दाला अटी होत्या. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या, आणि अमेरिकेचा नागरिक असलेल्या किंवा नागरिक होण्याचा इरादा लेखी नोंदवलेल्या व्यक्तीला १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर हक्क सांगता येई. त्या जमिनीवर पाच वर्षे राहायचे, घर बांधायचे, जमीन लागवडीखाली आणायची, आणि शेवटी साक्षीदारांसह कचेरीत जाऊन हे सगळे केल्याचे सिद्ध करायचे. मग जमीन नावावर होई. शुल्क सगळे मिळून सुमारे १८ डॉलर पडे. घाई असेल त्याला सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून जमीन विकत घेण्याची मुभा होती, आणि सटोडियांनी या पळवाटेचा भरपूर फायदा घेतला.

महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेची कोरडवाहू मर्यादा ५४ एकर आहे. १६० एकर म्हणजे तिच्या जवळजवळ तिप्पट. आकडा ऐकून आपले डोळे विस्फारतात ते यामुळे. प्रत्यक्षात पाऊस कमी असलेल्या भागात एवढ्या जमिनीवर कुटुंब जगत नसे (प्रश्न ११ पाहा). या कायद्याखाली एकूण सुमारे २७ कोटी एकर जमीन, म्हणजे देशाच्या भूभागाचा दहावा हिस्सा, खासगी मालकीची झाली आणि सुमारे १६ लाख दावे पूर्णत्वास गेले. मुख्य भूमीवर हा कायदा १९७६ साली आणि अलास्कात १९८६ साली संपला.

४. ही जमीन सरकारकडे आली कोठून? त्या बाजूने लिहिलेले काही वाचण्याजोगे आहे का?

हा प्रश्न सर्वांत उशिरा आला, पण वास्तविक तो पहिला यायला हवा होता. ‘सरकारी जमीन’ म्हणजे मूळनिवासी लोकांकडून तह, दडपण, फसवणूक किंवा युद्ध यांतून घेतलेली जमीन. आमची शिफारस अशी की, वसाहतकारांचे प्रत्येक पुस्तक त्याच भागातल्या आणि त्याच काळातल्या दुसऱ्या बाजूच्या पुस्तकासोबत जोडीने वाचावे.

१८६२ हे साल यासाठी पुरेसे बोलके आहे. होमस्टेड कायदा मे महिन्यात झाला. ऑगस्टमध्ये मिनेसोटात डकोटा लोकांचे युद्ध पेटले. त्याआधीच्या तहांनी त्यांच्याकडे मिनेसोटा नदीकाठची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती, जमिनीच्या मोबदल्याची वार्षिक रक्कम थकली होती आणि लोक उपाशी होते. २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. या युद्धाची वसाहतकारांच्या घरात बसून अनुभवलेली भीती विल्हेल्म मोबेर्ग यांच्या कादंबरीमालेच्या चौथ्या खंडात येते (प्रश्न ७ पाहा). त्याच युद्धामुळे चार वर्षांच्या एका डकोटा मुलाला नातेवाइकांबरोबर कॅनडात पळून जावे लागले. तो मुलगा म्हणजे ओहियेसा, पुढे डॉक्टर झालेले चार्ल्स ईस्टमन. त्यांचे ‘इंडियन बॉयहुड’ (१९०२) हे या विस्थापित बालपणाचे पुस्तक आहे. ‘फ्रॉम द डीप वुड्स टू सिव्हिलायझेशन’ (१९१६) मध्ये ते पाइन रिजच्या राखीव क्षेत्रात डॉक्टर असताना, २९ डिसेंबर १८९० च्या वूंडेड नी हत्याकांडानंतर (अमेरिकन सैन्याने केलेल्या लाकोटांच्या कत्तलीनंतर) जखमींचा शोध घेत बर्फात कसे फिरले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मोबेर्ग आणि ईस्टमन एकापाठोपाठ वाचले, म्हणजे एकाच घटनेने दोन्हीकडची मुले अंथरुणातून कशी उठवली, ते कळते.

जमीन पुढे कशी जात राहिली, याचा हिशेबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८८७ च्या डॉज कायद्याने टोळ्यांची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटली गेली आणि ‘उरलेली’ जमीन वसाहतकारांना खुली झाली. त्या वर्षी मूळनिवासींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकर राहिली.

मुलांसाठी याच बाजूचे पुस्तक हवे असेल, तर प्रश्न ५ च्या शेवटी दिले आहे.

५. लॉरा इंगल्स वाइल्डर यांची ‘लिटल हाउस’ मालिका मुलांना द्यावी का? कोणत्या वयात आणि कोणत्या क्रमाने?

द्यावी, पण एकटी देऊ नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ (१९३२) वाचून दाखवता येते. लोणी काढणे, मांस धुरावणे, मेपलच्या रसापासून साखर करणे या कृती त्यात इतक्या तपशिलाने येतात की, मुले त्या करून पाहायला मागतात. क्रम प्रकाशनाचाच ठेवावा. फक्त ‘फार्मर बॉय’ (१९३३) लॉराच्या नव्हे, तर तिच्या भावी पतीच्या बालपणाविषयी असल्यामुळे ते केव्हाही वाचले तरी चालते. मालिकेतील सर्वांत कसदार पुस्तक आमच्या मते ‘द लाँग विंटर’ (१९४०) आहे. १८८०–८१ च्या हिवाळ्यात डकोटातील डी स्मेट गावाकडे येणारी आगगाडी बर्फामुळे महिनोन्महिने बंद पडते, आणि इंगल्स कुटुंब कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात गहू दळत आणि वाळक्या गवताचे पीळ देऊन केलेल्या काड्या जाळत दिवस काढते. यंत्राचे ते हँडल घरातील कोणी ना कोणी सतत फिरवतच असते.

अडचण आहे ती तिसऱ्या पुस्तकाची. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९३५) मधील घर कॅन्सासमध्ये ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर बेकायदा बांधलेले होते. त्या लोकांविषयी आई आणि शेजारी जे बोलतात, ते आज मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. पहिल्या आवृत्तीत त्या प्रदेशात माणसेच नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचे वाक्य होते; एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ काढून ‘वसाहतकार’ असा शब्द घालण्यात आला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालसाहित्य विभागाने २०१८ मध्ये वाइल्डर यांच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले. तो निर्णय पटो न पटो, वाचून दाखवणाऱ्याने अशा ठिकाणी थांबून मुलांशी बोलावे. पाने गाळून पुढे जाऊ नये.

सोबत लुईझ अर्ड्रिक यांचे ‘द बर्चबार्क हाउस’ (१९९९) द्यावे. सुपीरियर सरोवरातील मॅडलिन बेटावर १८४७ साली राहणाऱ्या ओमाकायास या ओजिब्वे मुलीची ही गोष्ट असून, तीही ऋतुचक्रानुसार, घरकामांच्या तपशिलांतून उलगडते. बाहेरून आलेल्या देवीच्या साथीचे प्रकरण मात्र जड आहे. आधी स्वतः वाचून मगच मुलांना द्यावे.

६. ही मालिका आत्मचरित्र मानायची की कादंबरी? आणि ती खरे तर लेकीने लिहिली, असे ऐकले ते बरोबर आहे का?

ती आत्मचरित्रावर आधारलेली कादंबरीमाला आहे. कॅन्सासच्या पुस्तकात लॉरा पाच-सहा वर्षांची दिसते. प्रत्यक्षात १८६७ साली जन्मलेली लॉरा १८६९ ते १८७१ या काळात तेथे होती, म्हणजे तिची बहुतेक आठवण आईवडिलांकडून ऐकलेली होती. नऊ महिन्यांचा असताना दगावलेला धाकटा भाऊ आणि आयोवातील बर्र ओक गावातले हलाखीचे वर्ष मालिकेत येतच नाही. देणी न भागवता रात्रीच निघून जाण्याचा प्रसंगही वगळलेला आहे. हे सगळे त्यांच्या मूळ आत्मकथनात होते, आणि ते ‘पायोनियर गर्ल’ या नावाने सविस्तर टिपांसह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

कन्या रोझ वाइल्डर लेन या नावाजलेल्या पत्रकार होत्या आणि त्यांनी हस्तलिखितांवर बराच हात फिरवला, हे पत्रव्यवहारावरून स्पष्ट आहे. पण आठवणी, तपशील आणि पहिले मसुदे आईचे आहेत. या नात्याची आणि ‘स्वबळावर उभे राहिलेले कुटुंब’ या कल्पनेची कसून तपासणी कॅरोलाइन फ्रेझर यांच्या ‘प्रेअरी फायर्स’ (२०१७) या चरित्रात आहे. मालिका आवडलेल्या प्रौढ वाचकाने ते जरूर वाचावे. त्याला २०१८ चे चरित्रासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

७. स्थलांतरितांनी स्वतःच्या भाषेत लिहिलेले काही आहे का? सगळे इंग्रजीतच दिसते.

आहे, आणि आमच्या मते या विषयावरचे सर्वांत खोल लेखन तेच आहे.

ओले एडवार्ट रोल्वाग १८७६ साली नॉर्वेतील डोन्ना बेटावर कोळ्यांच्या घरात जन्मले, १८९६ मध्ये साउथ डकोटात शेतमजुरीला आले आणि पुढे मिनेसोटातील सेंट ओलाफ कॉलेजात प्राध्यापक झाले. अमेरिकेत राहून ते आयुष्यभर नॉर्वेजियनमध्ये लिहीत राहिले. त्यांची मोठी कादंबरी १९२४–२५ मध्ये दोन भागांत आधी नॉर्वेत प्रसिद्ध झाली, आणि लिंकन कॉलकॉर्ड यांच्या मदतीने झालेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘जायंट्स इन द अर्थ’ या नावाने १९२७ मध्ये आला.

नायक पेर हान्सा हा उमद्या, खटपट्या स्वभावाचा माणूस आहे. जमीन पाहिली की त्याचे हात शिवशिवतात. त्याची बायको बेरेट मात्र त्या सपाट माळरानाला भिते, कारण आडोसा घ्यायला तेथे काहीच नाही, ना डोंगर, ना झाड. टोळधाड येते तेव्हा पेर हान्सा घरी परतून पाहतो, तर दारापाशी सामान रचलेले असते आणि माहेरून आणलेल्या मोठ्या पेटीत बेरेट लेकरांना घेऊन लपलेली असते. पहिल्या प्रकरणांत पुरुषाचा पराक्रम वाटणारी ही गोष्ट हळूहळू तिची होत जाते.

जमिनीच्या कागदांत रस असलेल्यांनी यातील खुंट्यांचा प्रसंग बारकाईने वाचावा. शेजाऱ्यांच्या वाट्याच्या जमिनीत परक्या आयरिश नावांच्या हद्दीच्या खुंट्या पेर हान्साला सापडतात, आणि तो त्या कोणाला न सांगता उपटून जाळतो. हद्दीची खूण हलवणे हे त्याच्या धर्मात महापाप आहे. पुढे आयरिश मंडळींकडे कागदच नव्हते असे निघते आणि शेजारी त्याचे कौतुक करतात. बेरेटला मात्र नवऱ्याने काय केले ते कळलेले असते, आणि तिच्या मनाचा तोल जाण्याला तेथूनच सुरुवात होते. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे पाहिलेल्या वाचकाला हा भाग समजावून द्यावा लागत नाही.

विल्हेल्म मोबेर्ग हे स्थलांतरित नव्हते; ते स्वीडनमधले लेखक होते, मात्र त्यांचे अनेक नातेवाईक अमेरिकेला गेले होते. १९४९ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत ‘द एमिग्रंट्स’, ‘अन्टू अ गुड लँड’, ‘द सेटलर्स’ आणि ‘द लास्ट लेटर होम’ या नावांनी मिळतात. स्मोलँडमधील दगडगोट्यांच्या शेतीला कंटाळलेला कार्ल ओस्कार आणि नाइलाजाने त्याच्याबरोबर निघालेली क्रिस्टिना १८५० मध्ये जहाजाने निघून मिनेसोटातील चिसागो सरोवराकाठी पोचतात. पहिला खंड जवळजवळ सगळा गावातल्या कारणांचा आणि समुद्रावरचा आहे, म्हणून ‘अमेरिका कधी येणार?’ अशी तक्रार आमच्याकडे दोनदा आली. आमचे मत उलट आहे: माणसे निघाली का, हे त्या खंडाइतके नीट दुसरीकडे कोठे वाचायला मिळत नाही. क्रिस्टिनाला माहेरची आठवण अनावर होते, म्हणून कार्ल ओस्कार तिकडून अस्त्राखान सफरचंदाच्या बिया मागवून घराशेजारी लावतो; त्या झाडाकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवावे.

अमेरिकेतील मराठी वाचकांकडून रोल्वाग यांच्याविषयी सर्वाधिक पत्रे येतात. मुले इंग्रजीतून उत्तर देऊ लागल्यावर घरात काय होते, हा त्यांच्या पुढच्या दोन कादंबऱ्यांचा, ‘पेडर व्हिक्टोरियस’ (१९२९) आणि ‘देअर फादर्स गॉड’ (१९३१) यांचा, विषयच आहे.

८. स्त्रियांनी स्वतः लिहिलेली पत्रे किंवा रोजनिशा आहेत का? स्त्रीला स्वतःच्या नावावर जमीन मिळत होती का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला होमस्टेड कायद्याखाली हक्क सांगता येई. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला सहसा येत नसे.

एलिनॉर प्रुइट स्टुअर्ट यांचे ‘लेटर्स ऑफ अ वुमन होमस्टेडर’ (१९१४) हे या बाबतीतले सर्वांत वाचनीय पुस्तक आहे. डेन्व्हरमध्ये कपडे धुऊन पोट भरणारी ही बाई लहान मुलीला घेऊन १९०९ मध्ये वायोमिंगमधील एका शेतकऱ्याकडे घर सांभाळायला गेली, त्याच्या जमिनीला लागूनच तिने स्वतःचा दावा नोंदवला आणि सहा आठवड्यांत त्याच्याशीच लग्न केले. लग्नाची बातमी मात्र तिने आपल्या जुन्या मालकिणीला पुष्कळ उशिरा कळवली. पत्रे खेळकर आहेत; गवत कापण्याचे यंत्र आपण कसे चालवले, हे सांगताना तिचा अभिमान लपत नाही.

ही पत्रे शब्दशः खरी मानू नयेत. ती स्वतःला विधवा म्हणवते, पण प्रत्यक्षात घटस्फोटित होती. आणि ‘बाईने एकटीने जमीन मिळवावी’ असे ती हिरिरीने सांगत असली, तरी पुढे तिने स्वतःचा दावा सोडून दिला. तरीही रोजच्या कामाचा, अंतराचा आणि शेजारधर्माचा जो तपशील त्यांत आहे, तो भरवशाचा आहे.

ओरेगॉन ट्रेलवरून, म्हणजे सुमारे दोन हजार मैलांच्या बैलगाडीवाटेने, गेलेल्या स्त्रियांच्या नोंदी लिलियन श्लिसेल यांनी ‘विमेन्स डायरीज ऑफ द वेस्टवर्ड जर्नी’ (१९८२) मध्ये एकत्र केल्या आहेत. पुरुषांच्या रोजनिशांत शिकार आणि मैल येतात, तर स्त्रियांच्या रोजनिशांत वाटेवरची थडगी मोजलेली आढळतात. एका बैठकीत सगळे वाचू नये.

९. वसाहतकार सगळे गोरेच होते का?

नव्हते. गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेतून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे कॅन्सासकडे गेली आणि १८७७ मध्ये त्यांनी निकोडेमस हे गाव वसवले. सुरुवातीला तेथील लोक जमिनीत खोदलेल्या घरांत राहत, त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना आधी दिसे तो जमिनीतून वर येणारा धूर. नेल अर्विन पेंटर यांचे ‘एक्सोडस्टर्स’ हे या स्थलांतराचे अभ्यासपूर्ण पुस्तक आहे. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून गाजलेले ऑस्कर मिशो यांनी साउथ डकोटात शेती केली आणि त्या अनुभवावर ‘द कॉन्क्वेस्ट’ (१९१३) ही कादंबरी लेखकाचे नाव न घालता छापली. त्यांची जमीन रोझबड येथील लाकोटांच्या राखीव क्षेत्रातून खुली केलेल्या भागातली होती, ही गुंतागुंत प्रश्न ४ शी जोडून पाहावी.

मराठी वाचकांना या मंडळींतील एक जण फार पूर्वीपासून माहीत आहे. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे घरोघरी पोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे १८८६ मध्ये कॅन्सासच्या नेस परगण्यात होमस्टेडर होते. त्यांनी तेथे मातीच्या चापडांचे घर बांधले आणि दोनेक वर्षांनी ते ती जमीन सोडून शिक्षणाच्या वाटेला लागले.

चिनी आणि इतर आशियाई लोकांना नागरिकत्वच मिळत नसल्यामुळे होमस्टेडचा मार्ग त्यांना बंद होता. पश्चिम किनाऱ्यावर शेती करणाऱ्या पंजाब्यांचे काय झाले, हे कॅरन लेनर्ड यांच्या ‘मेकिंग एथ्निक चॉइसेस’ (१९९२) मध्ये आहे. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने अशा परकीयांना जमीन घेण्यास बंदी केली, आणि इम्पीरियल खोऱ्यातील पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने करून जी कुटुंबे उभारली, त्यांचा हा अभ्यास आहे.

१०. मातीची घरे, टोळधाड, हिमवादळे हे सगळे कादंबऱ्यांत रंगवून सांगितलेले आहे का?

तपशील बहुतांशी खरे आहेत. प्रेअरीवर, म्हणजे त्या गवताळ माळरानावर, लाकूड नव्हते आणि गवताची मुळे इतकी घट्ट विणलेली होती की, नांगराने कापलेली मातीची पट्टी तुटत नसे. ती पट्टी हातभर लांबीच्या चापडांत कापून, गवताची बाजू खाली करून, विटांसारखी रचली जाई. भिंती दोन-तीन फूट जाड होत. असे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राही, पण पाऊस थांबला तरी छप्पर पुढे एक-दोन दिवस गळत राही, आणि साप-उंदीर अंथरुणावर पडू नयेत म्हणून बायका आढ्याखाली कापड ताणून बांधत. जुन्या मातीच्या घरात पावसाळा काढलेल्यांना यातील निम्मे ओळखीचे वाटेल.

रॉकी पर्वतातील टोळांनी १८७३ ते १८७७ या काळात उभी पिके फस्त केली. आश्चर्य असे की, तीच जात पुढे नामशेष झाली आणि तिचा शेवटचा जिवंत नमुना १९०२ मध्ये मिळाला. १२ जानेवारी १८८८ चे हिमवादळ सकाळी हवा उबदार असताना अचानक आले आणि शाळेतून घरी निघालेली कित्येक मुले वाटेतच गारठून मेली. डेव्हिड लास्किन यांचे ‘द चिल्ड्रन्स ब्लिझर्ड’ (२००४) त्या एका दिवसाचा माग काढते. थंडीने शरीर कसकसे थांबत जाते, याचे त्यातील वर्णन मन घट्ट करूनच वाचावे लागते.

११. सगळ्या गोष्टींत शेवटी शेत उभे राहते. जे हरले, त्यांच्याविषयी काही आहे का?

हॅम्लिन गार्लंड यांच्या ‘मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स’ (१८९१) या संग्रहातील ‘अंडर द लायन्स पॉ’ ही कथा आधी वाचावी. टोळांमुळे कॅन्सासमधून उठलेला हॅस्किन्स दुसऱ्याची पडीक जमीन कसायला घेतो, तीन वर्षे राबून ती सुधारतो, आणि विकत घ्यायला जातो तेव्हा मालक आधी २,५०० डॉलर सांगितलेल्या जमिनीचे ५,५०० मागतो. वाढलेली किंमत हॅस्किन्सच्याच घामाची असते. कूळकायद्याआधीची खेडी ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहेत, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

जोनाथन राबन यांचे ‘बॅड लँड’ (१९९६) हे पूर्व मोंटानातील अपयशाचे पुस्तक आहे. १९०९ च्या कायद्याने कोरड्या भागात ३२० एकर मिळू लागले, रेल्वे कंपन्यांनी रंगीत पत्रके वाटली, कोरडवाहू शेतीची खात्रीची पद्धत सांगणारी पुस्तिका घरोघरी गेली, आणि पाऊस हटल्यावर माणसे पुन्हा गाडीत बसून निघून गेली. नांगर जाईल तिकडे पाऊस येतो, असे त्या काळी शिकलेले लोकही सांगत.

मारी सँडोझ यांचे ‘ओल्ड जूल्स’ (१९३५) हे हरलेल्याचे नव्हे, तर जिंकलेल्याची किंमत कोणी मोजली याचे पुस्तक आहे. १८८४ मध्ये नेब्रास्कातील नायब्रारा नदीकाठी आलेल्या स्विस वडिलांचे हे चरित्र आहे. त्यांनी ओसाड वाळूच्या टेकड्यांत फळबागा फुलवल्या, नव्याने येणाऱ्यांना जमिनी शोधून दिल्या, आणि घरात बायकांना व मुलांना मारहाण केली. लेकीने यातील काही लपवलेले नाही आणि कोठे सूडही उगवलेला नाही.

१२. काउबॉयच्या कादंबऱ्या या यादीत का नाहीत?

काउबॉय हा गुरे हाकणारा पगारी माणूस. त्याची गोष्ट मोकळ्या कुरणांची आहे आणि वसाहतकाराने काटेरी तार लावली की ती संपते. तो वेगळा विषय आहे.

१३. कॅनडाविषयी काय वाचावे?

सुझाना मूडी यांचे ‘रफिंग इट इन द बुश’ (१८५२) आणि त्यांची थोरली बहीण कॅथरिन पार ट्रेल यांचे ‘द बॅकवुड्स ऑफ कॅनडा’ (१८३६) जोडीने वाचावे. दोघी बहिणी १८३२ मध्ये इंग्लंडहून गेल्या आणि एकाच जंगलात राहिल्या. एकीला तेथे चिखल आणि तऱ्हेवाईक शेजारी दिसले, तर दुसरीला वनस्पती.

१४. इंग्रजी फार सफाईचे नाही. कोणत्या पुस्तकाने सुरुवात करू, आणि विकत न घेता ती कायदेशीरपणे कोठे मिळतील?

भाषेच्या दृष्टीने सर्वांत सोपी वाइल्डर, त्यानंतर स्टुअर्ट यांची पत्रे आणि मग कॅथर. ‘माय अँटोनिया’ जड वाटली, तर कॅथर यांचीच ‘ओ पायोनियर्स!’ (१९१३) आधी घ्यावी. ती आकाराने लहान आहे आणि भावांपेक्षा शहाणपणाने शेती सांभाळणारी तिची स्वीडिश नायिका अलेक्झांड्रा लवकर ओळखीची होते. रोल्वाग आणि मोबेर्ग अनुवादातून आलेले असल्यामुळे त्यांची वाक्ये सरळ आहेत, फक्त पृष्ठसंख्या मोठी आहे.

कॅथर यांच्या वर सांगितलेल्या दोन कादंबऱ्या, स्टुअर्ट यांची पत्रे, ईस्टमन, गार्लंड, मिशो आणि मूडी हे सगळे प्रोजेक्ट गटेनबर्गवर मोफत उतरवून घेता येते, आणि ‘माय अँटोनिया’ लिब्रिव्हॉक्सवर ऐकताही येते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. वाइल्डर १९५७ मध्ये वारल्या, परंतु अमेरिकेत त्यांच्या पुस्तकांचा हक्क अजून चालू आहे आणि गार्थ विल्यम्स यांच्या चित्रांचा हक्क तर भारतातही संपलेला नाही. म्हणून चित्रांसह हवी असेल, तर मालिका विकत घ्यावी किंवा ग्रंथालयातून आणावी. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तिचे सुटे खंड पुष्कळदा मिळतात, मात्र ‘द लाँग विंटर’ दिसले तर ते तेथे ठेवून येऊ नये.